वाजवणाऱ्याचं नाव

कारागांडी, ८ ऑक्टोबर १९९५

बाल्जान,

जनावरं-माणसं सुखरूप ना? सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? इकडे मी, तुझी वहिनी आणि तुझा मेइराम, तिघेही ठीक.

तू पाठवलेली मासेमारीची दोरी पोचली. रेल्वेत डबा सांभाळणाऱ्या साबिरानं ती डब्यातल्या चहाच्या भांड्यामागे ठेवून आणली, म्हणून तिला जरा वास येतोय, पण माल अस्सल आहे. इथल्या बाजारात दोंब्र्याची तार म्हणून जे काही विकतात, ते लावावं आणि लगेच रडावं. कॅस्पियनच्या माशाला जी तुटत नाही, ती माझ्या बोटांना काय तुटणार? दोन्ही तारा एकाच जाडीच्या लावल्या आहेत. पुष्कळ लोक वेगवेगळ्या जाडीच्या लावतात. ते चूक आहे, आणि का चूक आहे ते मी तुला मागे सविस्तर कळवलं आहे.

आता मैफल. शनिवारी खाणकामगारांच्या क्लबात ओराझाली नावाचा एक म्हातारा आला होता. उलितावकडचा मेंढपाळ, मैफलीत पहिल्यांदाच बसलेला. क्लबातली शेगडी बंद, सगळे कोट घालून बसलेलो. म्हाताऱ्यानं चहाचा पेला मागितला, प्यायला नाही, नुसता दोन्ही तळहातांत धरून बसला. लोक चुळबुळ करायला लागले. चहा निवला तेव्हा पेला खाली ठेवला आणि तार छेडली. बाल्जान, एक बोट. इकडच्या पद्धतीनं, एकेक सूर वेचून. पिल्लू हरवलेल्या घोडीची धून होती. शब्द नाहीत, पण घोडी कुठे थांबते आणि कुठे मान वळवून मागे बघते ते दिसत होतं. मी टेप करून घेतली आहे. सुरुवातीला खोकला ऐकू येतो तो आमच्या फोरमनचा.

मेइराम माझ्या शेजारी. थोडा वेळ ऐकलं आणि माझ्या कानाशी म्हणाला, "मामा, हा वाजवतोय की खाजवतोय?" मी त्याला सांगितलं, तुम्हा समुद्राकडच्या लोकांना दोंब्रा म्हणजे दार वाटतं, धडाधडा ठोठावल्याशिवाय उघडत नाही. पण शेवटच्या धुनेला बघतो तर हा पुढे वाकून बसलेला. आता रोज संध्याकाळी माझ्याकडे ती घोडीची धून शिकतोय. बोटं चांगली आहेत. हट्ट त्याहून चांगला आहे.

आपला नेम मी मोडत नाही: गाण्याच्या पत्रात रडगाणं नको. एवढंच लिहितो की क्लब अर्धा रिकामा होता, कारण दुसरी पाळी वेळेवर वर आली नव्हती. नंतर आली. सगळे आले.

तुझा नुगिमान

आई, मी जेवतो, झोपतो आणि मामांचं ऐकतो (दोन्ही अर्थांनी). — मेइराम

•

शेत्पे, २५ ऑक्टोबर

नुगिमानदादा,

जनावरं सुखरूप, माणसं सुखरूप. सासूबाईंचे गुडघे सुखरूप नाहीत, जीभ आहे.

टेप बेकरीत ऐकली. भट्टी पेटवल्यापासून कणीक फुगून येईपर्यंतचा वेळ आम्हा बायकांचा असतो. मैद्याच्या पोत्यांवर टेपरेकॉर्डर ठेवला. तुझ्या म्हाताऱ्यानं पहिला सूर लावला आणि आमच्यातली एक म्हणाली, हा काय उवा वेचतोय का? मी तिला गप्प केलं. मग घोडी थांबली ती जागा आली आणि ती स्वतःच गप्प झाली. त्या दिवशी पाव जरा जास्त फुगले. मॅनेजर ओरडला. मी म्हटलं, दोष कारागांडीचा आहे.

आता आमच्याकडचं ऐक. शेजारी लग्न होतं. वाजवायला जो आला तो खरा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, नखांत ग्रीस. पण हात पडला की वाटावं, दोनशे घोडे कातळावरून चाललेत. ऐन रंगात तार तुटली. गडी थांबला नाही. उरलेल्या एका तारेवर धून पुरी केली आणि मग तुटलेल्या तारेकडे बघून म्हणाला, "तुझ्यावाचून काही अडलं नाही." लोकांनी टोप्या उडवल्या. टेपच्या दुसऱ्या बाजूला भरून पाठवते आहे. मध्ये उंट ओरडतो, तो मैफलीचा भाग नाही.

आता नेम मोडते. मेइरामला खाली उतरावं लागणार नाही, वरच्या यंत्रघरात तुझ्या हाताखाली लावून घेतो, असं तू म्हणालास म्हणून मी त्याला पाठवलं. उन्हाळा गेला. तो अजून खालीच उतरतो. माणसांना खाणीत नेणारा पिंजरा खाली सोडणारा हात तुझाच ना, दादा? रोज सकाळी त्याला तूच खाली सोडतोस. त्याचे वडील गेल्यावर माझ्याकडे तेवढा एकच उरलाय. गाण्याचं पुढच्या पत्रात लिहिलं नाहीस तरी चालेल, याचं उत्तर दे.

बाल्जान

•

कारागांडी, १६ नोव्हेंबर

बाल्जान,

उशीर झाला. कामं होती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मेइराम आता खाली उतरत नाही. तुझं म्हणणं पुरं झालं. ती काळजी सोड.

क्लबात या महिन्यात मैफल झाली नाही, पण रेडिओवर एक चांगली लागली. कोब्झ वाजवणारी बाई होती. घोड्याच्या केसांच्या तारांवर गज फिरतो तेव्हा तो आवाज वाद्याचा वाटत नाही, कुणाचा तरी घसा वाटतो. बाईंनी गज फार दाबला. कोब्झवर गज ओढायचा असतो, दाबायचा नाही. तरी मी शेवटपर्यंत ऐकलं. तुझा ट्रॅक्टरवालाही ऐकला. हात चांगला, ताल मध्येच पळतो. उंट मात्र बरोबर सुरात ओरडला आहे.

सोबत टेप आहे. तिच्यावर एकच धून आहे, बोललेलं काही नाही. वाजवणाऱ्याचं नाव सांगत नाही. तू ओळखशील. सासूबाईंना जवळ बसव आणि ऐक.

मेइरामची ओळ या खेपेला नाही. त्याला लिहायला सवड नाही.

नुगिमान

•

शेत्पे, २९ नोव्हेंबर

नुगिमानदादा,

हे पत्र कसं लिहावं ते मला कळत नाही. जी गोष्ट आपल्याकडे विचारत नाहीत, ती मी विचारते आहे.

तुझ्या टेपच्या आधीच, महिन्याच्या सुरुवातीला, रेडिओ बोलला होता. कारागांडीच्या एका खाणीत आग, मेलेली माणसं, नावं नाहीत, खाण कोणती तेही नाही. मी स्वतःला सांगितलं, तिथे खाणी काय कमी आहेत. पोस्टात गेले. तिथे म्हणाले, शेत्पेच्या पुढे तांब्याची तार चोरांनी कापून नेलीय, तेव्हा तार जाणार नाही, फोनही नाही. स्टेशनमास्तरच्या पाया पडले. तो म्हणाला, ताई, रेल्वेचा फोन गाड्यांसाठी आहे, माणसांसाठी असता तर मी स्वतःच्या बायकोला फोन केला नसता का? मग तुझं पत्र आलं. मेइराम खाली उतरत नाही, असं तू लिहिलंस. मी ते तीनदा वाचलं आणि हसले. सासूबाईंना म्हटलं, आई, तो वर आला.

मग टेप लावली. तू सांगितल्यासारखं त्यांना जवळ बसवलं.

दादा, दोंब्र्याच्या तारा सैल होत्या.

पहिल्या सुरालाच सासूबाईंचा हात पेल्यावरून सुटला. चहा गालिच्यावर सांडला आणि कुणी पुसला नाही.  धून संपल्यावर त्यांनी डोईचा रुमाल सोडला आणि म्हणाल्या, "ऐकवणी आहे ही."

तू लहानपणीच वडिलांबरोबर कारागांडीला गेलास. तुला आठवतं की नाही, मला माहीत नाही. पण तू दोंब्र्याचं सगळं जाणतोस, म्हणजे हेही जाणत असशील. आपल्या वाडीवर मेल्याची बातमी तोंडानं देत नाहीत. ज्याच्या तोंडून ती निघेल त्याचं तोंड त्या घराला कायमचं कडू होतं. म्हणून तारा सैल करून वाजवतात. वाजवणारा बोलत नाही आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. मेइरामचे वडील समुद्रावर वारले तेव्हा मी अशीच चूल फुंकत होते आणि ओट्यावर कुणीतरी येऊन बसलं. सैल तारांचा तो आवाज तबेल्याच्या ओल्या भिंतीसारखा असतो. कान विसरत नाहीत.

'बोललेलं काही नाही. वाजवणाऱ्याचं नाव सांगत नाही. सासूबाईंना जवळ बसव.' सगळं रीतसर केलंस.

बायका यायला लागल्या आहेत. दारातूनच गळा काढतात. मी त्यांना दारातच थांबवते. ऐकवणी झाली की विचारायचं नसतं, रडायचं असतं, हे मला सासूबाई दिवसभर सांगतात. मी रडणार नाही. तू मला शब्दांत लिही. तुझं तोंड मला कडू झालं तरी चालेल.

हे पत्र साबिराच्या हातात देते. 

बाल्जान

•

कारागांडी, १ डिसेंबर

बाल्जान,

बर्फ फार पडतोय, गाड्या अडकल्या आहेत, म्हणून तुझं उत्तर आलं नसावं.

टेप कशी वाटली ते लवकर कळव. मी वाट बघतोय म्हणून नाही, दुसरंही कुणी वाट बघतंय. दुसरी टेप तयार होते आहे. पहिलीपेक्षा पुष्कळ बरी होईल.

क्लबात काल मुलांचा कार्यक्रम झाला. एका मुलीनं दोंब्रा इतका उंच लावला होता की माझे दात शिवशिवले. नंतर तिच्या मास्तरांना मी बाजूला घेऊन समजावलं. मास्तरांना ते आवडलं नाही. आवडलं नाही म्हणजे पटलं असणार.

वहिनी म्हणते, बाल्जानला सगळं लिहा. मी म्हणतो, टेपमध्ये सगळं आहे.

नुगिमान

•

शेत्पे, १२ डिसेंबर

नुगिमान,

तुझं पत्र मिळालं. माझं तुला मिळालं नाही, हे तारखेवरून कळतं. तरी एकदा सोडून दोनदा वाचलं. तू मैफलीबद्दल लिहितोस. मुलीनं दोंब्रा उंच लावला म्हणतोस. दुसरी टेप येणार म्हणतोस. कुणाची?

सासूबाई म्हणतात, एका ऐकवणीवर दुसरी येत नाही. वाडीवरचे म्हातारे येऊन बसले. त्यांनी मेइरामच्या दिवसांची मेंढी कापायचं ठरवलं. मी खुंट्याची दोरी हातात धरून उभी राहिले. मोठे दीर म्हणाले, सूनबाई, तू शहाणी आहेस, दोंब्रा खोटं बोलत नाही. मी म्हटलं, दोंब्रा खोटं बोलत नसेल, पण अर्धवट बोलतो. ते चहा न पिता उठले. आमच्याकडे माणूस चहा न पिता उठतो म्हणजे काय, ते तुला माहीत आहे.

बेकरीत जाते. कणीक मळते. टेपरेकॉर्डर पोत्यांवर तसाच बंद असतो आणि कुणी त्याला हात लावत नाही.

तो असेल तर आहे लिही. नसेल तर नाही लिही. एक शब्द. तुझ्याकडे शब्दांची कधी टंचाई नव्हती.

बाल्जान

•

कारागांडी, १४ डिसेंबर

बाल्जान,

मेइराम जिवंत आहे.

हे वाक्य सगळ्यात वर लिहिलं. तू इथेच थांबून ते सासूबाईंना आणि दिरांना वाचून दाखव, आणि मग पुढे वाच.

तुझं २९ तारखेचं पत्र आज हातात पडलं. साबिराची गाडी बर्फात अडकली होती. पत्र वाचून मी वहिनीच्या हातात दिलं आणि तिनं मला जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. ते मला कमीच होतं.

आता झालं ते क्रमानं. आग आमच्याच खाणीत लागली. वायूचा भडका उडाला तेव्हा मेइरामची पाळी खाली होती. पिंजरा वर ओढणारा मी होतो. कोण आलं आणि कोण नाही, ते यंत्रघरातून दिसत नाही. फक्त घंटी वाजते आणि ओझं जाणवतं. चौथ्या खेपेला मेइराम वर आला. चेहरा वाचला आहे, डोळे वाचले आहेत. हात भाजले आहेत, डावा जास्त. घशात धूर गेल्यानं आवाज फाटला होता, आता सुधारतोय. डाव्या हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, एक नक्की वळेल, दुसऱ्याचं सांगता येत नाही.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वचन त्यानं माझ्याकडून हे घेतलं: आईला कळवायचं नाही. म्हणाला, वडिलांच्या वेळी तिनं जे पाहिलं ते पुन्हा नको, हात बरे झाले की मीच जाऊन उभा राहीन. म्हणून मी 'खाली उतरत नाही' असं लिहिलं. खोटं नव्हतं. पण ते वाक्य जुळवताना मला माझी हुशारी वाटली होती, हेही खरं.

डॉक्टरांनी सांगितलं, बोटं हलवत राहा. मी माझा दोंब्रा दवाखान्यात नेला. नव्या कातडीला तुझी मासेमारीची दोरी सुरीसारखी लागते. पहिल्या दिवशी रक्त आलं. म्हणून मी तारा उतरवल्या, इतक्या की बोट नुसतं टेकलं तरी सूर निघावा. उजवा हातही पट्टीत होता. तुमच्याकडच्यासारखा हात धडाधडा चालवता येईना, एकेक सूर वेचून वाजवावं लागलं. तीच घोडीची धून, पण इतकी हळू आणि इतक्या ठिकाणी अडलेली की ओळखू आली नसेल. ती पुरी झाली त्या दिवशी तो म्हणाला, मामा, हे आईला पाठवा, मी वाजवतोय ते तिला कळेल, आणि तुमचं वचनही मोडणार नाही. बोलला नाही, कारण फाटक्या आवाजावरून तू ओळखलं असतंस. ओळखू नये म्हणून बोलला नाही आणि ओळखावं म्हणून वाजवलं. मलाही ते फार सुंदर वाटलं.

सैल तारांची रीत मला माहीत नव्हती. मी इतक्या टेपा जमवल्या, कुठल्या गावच्या दोंब्र्याचा पडदा कुठे सरकतो ते मी अंधारात सांगतो. पण ऐकवणी कधी टेपवर येत नाही. ती ज्याच्या ओट्यावर वाजते त्यालाच ऐकू येते. आपल्याच वाडीची गोष्ट मला तुझ्या पत्रातून कळली.

मेइरामला मी अजून सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी दवाखान्यात जातो, त्याला काय सांगू, ते तूच कळव.

नुगिमान

•

शेत्पे, २४ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. तू सांगितल्यासारखं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं. मोठे दीर म्हणाले, नुगिमान चांगला माणूस आहे, हळूहळू सांगतोय. त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकले नाही. आईबापांना असंच सांगतात. आधी भाजला, मग जरा जास्त भाजला, मग ये, आणि मग यायला उशीर झाला.

मग मी टेप पुन्हा लावली. महिनाभरात पहिल्यांदा. सासूबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. अर्ध्यावर आली तेव्हा त्या वळल्या. म्हणाल्या, "थांबव. पुन्हा लाव." पुन्हा लावली. एक जागा आहे, तिथे तो चुकतो, परत मागे जातो, पुन्हा चुकतो, पुन्हा मागे जातो. सासूबाई म्हणाल्या, "ऐकवणी वाजवणारा मागे जात नाही. बातमी एकदाच सांगायची असते. हा कुणीतरी शिकतोय." आणि मग मलाच वर म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हणत होते." त्या काय म्हणत होत्या ते अख्ख्या शेत्पेला माहीत आहे.  त्यांनी डोईला रुमाल बांधला आणि चहा ठेवायला उठल्या, त्या गुडघ्यांनी.

मला विश्वास ठेवायचाय. टेपवर ठेवला तर एकदा फसले. पत्रावर ठेवला तर तू वाक्यं फार चांगली जुळवतोस.

म्हणून मी येते आहे. आजच्याच गाडीनं. हे पत्र साबिराच्या पिशवीत आहे आणि मी तिच्या डब्यात. तिच्या डब्यात मला अर्ध्या वाटेपर्यंतचीच जागा मिळाली, पुढे गाडी बदलायची आहे; तिथे जागा मिळाली नाही तर पत्र माझ्याआधी पोचेल. पोचलं तर मेइरामला काही सांगू नकोस. मला काही वाचून दाखवू नकोस, वाजवूनही दाखवू नकोस. मी दार वाजवीन. ते त्यानं उघडायचं. तू नाही, वहिनींनी नाही. तो दवाखान्यात असेल तर दवाखान्याचं दार. तू उघडलंस तर मी समजेन आणि तिथूनच परत फिरेन.

बाल्जान

•

कारागांडी, ३ जानेवारी १९९६

आई,

हे साबिरा तुम्हाला वाचून दाखवेल. दीर, जाऊ, शेजारच्या सगळ्यांना बोलवा आणि मगच ऐका.

दोन दिवसांच्या उशिरानं पोचले. पत्र माझ्याआधी पोचलं होतं. मेइराम दवाखान्यातून घरी आला आहे, हे मला माहीत नव्हतं. जिन्यावर मध्येच कठडा धरून थांबले. वरच्या मजल्यावरचा कुणी बटाट्यांची पिशवी घेऊन उतरत होता. तो म्हणाला, बाई, हवा विरळ नाही इथे, कोळशाची आहे, सवय होते. मी दार वाजवलं. आत काहीतरी पडलं. मग बराच वेळ काही नाही. कडी हलायची आणि थांबायची, हलायची आणि थांबायची. आत नुगिमानदादांचा आवाज, "दमानं, दमानं." मी बाहेर उभी. मला वाटलं आता ते पुढे होतील आणि कडी काढतील. त्यांनी काढली नाही.

आई, त्याला कडी बोटांनी निघत नव्हती. शेवटी त्यानं ती कोपरानं वर ढकलली.

तो बारीक झालाय. भुवया नाहीत, त्यामुळे सारखा चकित झाल्यासारखा दिसतो. डाव्या हाताची कातडी गुलाबी आहे, बाळाच्या टाचेसारखी. मी हात धरला तर ओढून घेतला. मग दिला. दादा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि वहिनी त्यांना सांगत होत्या, आता तरी इकडे बघा.

खाली तो उतरणार नाही. विचारलं मी. तो म्हणाला, खाली उतरण्याइतका हात चालायला लागला तर सांगेन. मी म्हटलं, चालायला लागला तर बेकरीत कणीक मळायला ये. दादांनी मध्ये तोंड घातलं की बोटांना मळण्यासारखा दुसरा व्यायाम नाही, फक्त कणीक कोमट हवी आणि तळहातानं नाही, बोटांच्या पेरांनी दाबायची. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण बरोबर आहे.

दादांनी तोवर मेइरामला ऐकवणीची गोष्ट सांगितली होती. रात्रीचं जेवण झाल्यावर त्यानं विचारलं,

"आई, इतकं वाईट वाजलं होतं?"

"हो," म्हटलं.

तो हसायला लागला. आवाज अजून फाटका आहे, हसताना कळतं. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता जे व्हायचं राहिलं होतं ते झालं. पुष्कळ वेळ. वहिनींनी टॉवेल आणून दिला. मेइराम माझ्याजवळ बसून होता, पट्टीतला हात माझ्या पाठीवर ठेवून, अगदी हलका, जड होईल की काय असा.

मेंढी कापा, आई. दिरांना सांगा, आता मी दोरी धरणार नाही.

तुमची बाल्जान